अंतराचा भाव कोण ठरवतो?

मुंबई आणि नागपूर या दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता शाळकरी भूगोलाचा आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते सुमारे ६८० किलोमीटर भरते. रेल्वेच्या दप्तरी, भुसावळमार्गे, तेच अंतर ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. विमान कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र ते किलोमीटरमध्ये सांगितलेच जात नाही. तेथे ते केवळ ‘दीड तास’ असते. एकाच राज्याच्या राजधानी आणि उपराजधानीमध्ये अशी चार अंतरे नांदत आहेत, आणि प्रत्येक अंतराचा प्रवासी निराळ्या वर्गाचा आहे. तेव्हा प्रश्न भूगोलाचा राहत नाही. दोन गावांमधील जमीन निसर्गाने दिलेली असते. ती ओलांडायला कोणाला किती वेळ लागावा आणि त्यासाठी त्याने किती मोजावे, हे मात्र समाजव्यवस्था ठरवते.

गेली दहा वर्षे सत्ताधाऱ्यांच्या भाषणांतून आणि वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून एकच घोष चालू आहे: अंतर संपले, देश जवळ आला, हवाई चप्पल घालणारा माणूस आता हवाई जहाजातून फिरू लागला. हा दावा तपासून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. दाव्याचा पाया जो ‘दीड तास’, तोच आधी तपासला पाहिजे.

जेट विमान ठराविक उंचीवर पोहोचले की ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने ६८० किलोमीटरला ५१ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात दीड तास कसा? विमानाची वेळ मोजली जाते ती दारे लावून जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंत. धावपट्टीकडे रांगणे, रांगेत थांबणे, चढण, उतरण, आणि मुंबईकडे येताना आकाशात घातलेल्या घिरट्या हे सारे त्यात येते. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग करता येतो. यावर कंपन्यांची चतुराई अशी की वेळापत्रकातच थोडी सैल मिनिटे भरून ठेवायची, म्हणजे रेंगाळलेले विमानही ‘वेळेवर’ पोहोचल्याची नोंद होते. यात फसवणूक आहे असे म्हणणे कदाचित कठोर होईल. परंतु ‘दीड तास’ हा आकडा विज्ञानाचा नसून व्यापाराचा आहे, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

आणि हा दीड तास प्रवाशाचा तर मुळीच नाही. उल्हासनगरहून निघणाऱ्या माणसाने लोकल, रिक्षा आणि वाहतुकीची कोंडी पार करून विमानतळावर सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचायचे, तपासणीच्या रांगा भोगायच्या, उतरल्यावर सामानाची वाट पाहायची. घरापासून घरापर्यंतचा हिशेब केला तर पाच-सहा तासांच्या आत सुटका नाही. तरीही दुरंतोच्या अकरा आणि विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसच्या चौदा-पंधरा तासांपेक्षा तो बराच कमी आहे, हे मान्य करावेच लागेल. पण नागपूरला उतरलेल्या प्रत्येकाचे घर नागपुरात नसते. ज्याला गडचिरोलीला जायचे आहे त्याच्यापुढे आणखी सुमारे १७० किलोमीटर आहेत, आणि ते एस. टी.च्या गाडीनेच कापायचे आहेत. ज्याला भामरागडला जायचे आहे त्याच्यासाठी त्याही पुढे जंगलातला रस्ता आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी पावसाळ्यामागून पावसाळे वाचली गेली. दीड तासाचे विमान जेथे थांबते तेथे विदर्भाच्या खऱ्याखुऱ्या माणसाचा प्रवास सुरू होतो. अंतर संपल्याची द्वाही त्याच्या कानी पोहोचते तेव्हा तो बसथांब्यावर उभा असतो.

वेळेचा हिशेब येथे सोडून पैशाच्या हिशेबाकडे वळले पाहिजे, कारण खरी गोम तेथे आहे. देशातील विमानभाडे सरकार ठरवत नाही, ते बाजार ठरवतो, असे उत्तर संसदेत ठरलेले आहे. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तो कायदा १९९४ साली रद्द झाला आणि भाडे मोकळे सुटले. नियमांच्या पुस्तकात भाडे ‘वाजवी’ असावे असा शब्द उरला, पण वाजवी म्हणजे किती हे कोणी कोणाला विचारीत नाही. तथापि सरकारला भाडे ठरवता येत नाही हे म्हणणे खरे नाही. गेल्या दहा वर्षांत सरकारने ते एकदा नव्हे, तीनदा ठरवले, आणि तिन्ही वेळा माप वेगळे वापरले.

पहिले माप ‘उडान’ योजनेचे. या योजनेखाली पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला गेले. निवडक प्रादेशिक मार्गांवर, विमानातील साधारण निम्म्या जागांपुरते, एका तासाच्या किंवा ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. कंपनीचे नुकसान भरून देण्यासाठी निधी उभारला गेला, आणि तो मुख्य मार्गांवरील विमानांवर आकार बसवून. म्हणजे एका प्रवाशाला दिलेली सवलत दुसऱ्या प्रवाशाच्या तिकिटातून वसूल झाली. कंपनीच्या नफ्याला कोठे धक्का लागला नाही.

दुसरे माप महामारीतले. २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे सात गट पाडले. ६० ते ९० मिनिटांच्या गटासाठी कमाल भाडे ९,००० रुपये ठरले. त्याची वाहवा झाली. पण त्याच आदेशात किमान भाडेही होते, ३,००० रुपये! कोणत्याही कंपनीने त्याखाली तिकीट विकू नये म्हणून. संकटकाळी मजुराच्या किमान वेतनाची हमी देताना ज्यांचा हात थरथरतो त्यांनी भांडवलाला किमान भाड्याची हमी बिनबोभाट दिली. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत चालली.

त्या दिवसांतील आणखी एक तारीख यासोबत वाचली पाहिजे. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले आणि थकून करमाडजवळ रुळांवरच झोपी गेलेले १६ स्थलांतरित कामगार मालगाडीखाली सापडून मेले. भुसावळला गाडी मिळेल, एवढ्याच आशेवर ते निघाले होते. विमानांसाठी मिनिटांचे सात गट पाडणारा तक्ता त्यानंतर सतराव्या दिवशी लागू झाला. पायी चालणाऱ्याच्या किलोमीटरसाठी कोणत्याही खात्याने कसलाही तक्ता केला नव्हता.

तिसरे माप अगदी अलीकडचे. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर जायची, आठवड्यातील रात्रीच्या वेळची उतरणे सहावरून दोनवर यायची. दिल्ली उच्च न्यायालयासमोर वेळापत्रक ठरून ते २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अमलात आले. म्हणजे तयारीला पावणेदोन-दोन वर्षे मिळाली होती. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ज्या एका कंपनीच्या विमानांतून जातात त्या इंडिगोने तरीही पुरेशी माणसे उभी केली नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. एका दिवसाचाच आकडा हजारावर गेला. इतर कंपन्यांनी त्या दिवशी काय केले? भाडी अनेक पटींनी वाढवली. तेव्हा ६ डिसेंबर रोजी सरकारने मर्यादा घातली, आणि या वेळी माप होते अंतराचे: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००, पुढे १५,००० आणि १८,०००.

या मर्यादेचा अर्थ नीट पाहावा. ज्या ५०० किलोमीटरला उडान योजनेत २,५०० रुपये वाजवी वाटले, त्याच अंतराला २०२५ मध्ये ‘दिलासा’ म्हणून ७,५०० जाहीर झाले. मुंबई-नागपूरचे ६८० किलोमीटर दुसऱ्या पायरीत येतात. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे साडेसतरा रुपये. रेल्वेच्या साध्या शयनयानाने हाच प्रवास पाचशे रुपयांच्या आगेमागे होतो, किलोमीटरमागे साठएक पैसे. विमान आणि आगगाडी यांची बरोबरी कोणी मागत नाही. पण साठ पैसे आणि साडेसतरा रुपये यांच्यामधल्या दरीला सरकार जेव्हा दिलासा म्हणते, तेव्हा दिलासा कोणाला, हे विचारणे भाग आहे. आणि पायऱ्यांची ही रचना तरी कोणत्या तर्कात बसते? ५१० किलोमीटर जाणारा आणि ९९० किलोमीटर जाणारा एकाच मर्यादेत. पोस्टातला कारकूनसुद्धा पार्सलाचे वजन याहून बारकाईने करतो.

त्याच प्रसंगात दुसरी जी गोष्ट घडली ती कामगार चळवळीने कायमची ध्यानात ठेवावी. नियम मोडणाऱ्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. रात्री दमलेल्या डोळ्यांनी विमान उतरवणे धोक्याचे आहे म्हणून केलेला नियम, कंपनीची गैरसोय झाली म्हणून बाजूला ठेवला गेला. वैमानिकाचा पगार मोठा असतो म्हणून त्याच्या विश्रांतीचा प्रश्न कामगारांचा प्रश्न नाही असे मानणारे कार्यकर्ते अजून आहेत. विश्रांतीचा तास हा पगाराच्या आकड्यावर अवलंबून नसतो. तो गिरणीत आठ तासांच्या दिवसासाठी झगडणाऱ्यांनी मिळवलेला हक्क आहे. एकदा तो वैमानिकाच्या बाबतीत सैल झाला की सामान चढवणाऱ्या कंत्राटी पोऱ्याच्या बाबतीत तो कोण पाळणार?

बाजारवादी पंडितांचे एक उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, भाडे मोकळे आहे म्हणूनच आधी तिकीट काढणाऱ्याला ते स्वस्तात मिळते. उशिरा येणारा महाग घेतो आणि त्यातून गाडा चालतो. यात तथ्य नाही असे नाही. सहलीला जाणारे कुटुंब दोन महिने आधी तिकीट काढते आणि त्याचा त्याला लाभ होतो. पण ज्याचा बाप आज सकाळी नागपुरात वारला त्याने तिकीट दोन महिने आधी कसे काढावे? ज्या उमेदवाराला मुलाखतीचे पत्र परवा मिळाले, ज्या रुग्णाला मुंबईच्या रुग्णालयाने उद्या बोलावले, त्यांनी काय करावे? या व्यवस्थेत गरज जितकी निकडीची तितके भाडे चढे. दुष्काळात धान्याचा भाव वाढवणाऱ्या वाण्याला हा देश साठेबाज म्हणत आला. तोच व्यवहार संगणकाने केला की त्याला कार्यक्षमता म्हणतात.

या रोगाची लागण रेल्वेलाही झाली आहे. रेल्वेच्या भाड्याचे जुने तत्त्व असे, की अंतर वाढत जाईल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जावा. लांबच्या गरिबाला त्यात आधार होता. २०१६ च्या सप्टेंबरात राजधानी, शताब्दी आणि दुरंतो गाड्यांना विमानासारखे चढते भाडे लागू झाले, दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी वर. नागपूरची दुरंतो त्यातलीच. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत काढून घेतली गेली. याच रेल्वेचे मंत्री १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते होते, आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्यामुळे. राष्ट्राच्या प्रगतीचे माप त्यांनी सर्वांत वेगवान गाडीत शोधले नाही. सर्वांत जास्त माणसे ज्या डब्यात झोपतात त्या डब्यात शोधले.

नागपूरच्या आकाशाचाही एक इतिहास आहे आणि तो समृद्धीच्या उद्घाटन पत्रिकांत सापडणार नाही. १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडता उजाडता आपापल्या गावी परतत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातली साधी पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. ज्या माणसाला विमानात बसणे स्वप्नातही शक्य नव्हते त्याने मुलाला लिहिलेले पत्र मात्र विमानातून जात होते. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, या भौगोलिक योगायोगाचे सार्वजनिक हितात रूपांतर करणारे ते नियोजन होते. पुढे ती सेवा बंद झाली. आज त्याच नागपुरात मिहान आहे, आणि विमानतळाच्या विस्तारासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शिवणगावच्या लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागल्याची नोंदही आहे.

उडान योजनेचे पुढे काय झाले हे विरोधकांना विचारण्याची गरज नाही. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल पुरेसा आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतील ११२ मार्गांनीच सवलतीची तीन वर्षे पुरी केली. सवलत संपल्यावरही टिकले ते ५४. शंभरांतले सात! महाराष्ट्रात लातूर, यवतमाळ, धाराशिव, बारामती आणि नांदेड येथले विमानतळ खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले गेले होते. त्यांपैकी लातूर आणि यवतमाळच्या लोकांनी विमानांपेक्षा विमानांविषयीची आश्वासनेच अधिक उतरताना पाहिली.

राज्य सरकार येथे हात झटकून मोकळे होते: हा केंद्राचा विषय. तेही खरे नाही. विमानाच्या इंधनावरील विक्रीकर राज्याच्या हाती आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. ही सवलत देताना भाडे अमुक इतक्याने उतरले पाहिजे अशी अट का घातली गेली नाही? जनतेचा महसूल सोडायचा आणि बदल्यात जनतेसाठी काहीही मागायचे नाही, या व्यवहाराला उदारता म्हणत असतील तर ती कंपन्यांपुरती राखीव आहे.

समृद्धी महामार्गाची कथा वेगळी नाही, फक्त जमिनीवरची आहे. शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि आठ तासांत मुंबई अशी ग्वाही फिरली. मोटारीला एका खेपेचा टोल त्या वर्षीच्या एप्रिलपासून १,४४५ रुपये झाला. दुचाकीला तेथे मज्जाव आहे. ज्यांच्या शेतातून रस्ता गेला त्यांच्यापैकी बहुतेकांकडे वाहन असेल तर ते दुचाकीच. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ प्रवासी दगावले. पुरता एक महिना उलटायच्या सुमारास शहापूरजवळ गर्डरची यंत्रणा कोसळून २० माणसे मेली. आठ तासांच्या हिशेबात ही माणसे धरलेली नाहीत.

हे सारे म्हटल्यावर एक गोष्ट चळवळीतल्यांनाही सुनावली पाहिजे. विमान म्हणजे श्रीमंतांची चैन, आपला संबंध एस. टी.शी, अशी एक साधेपणाची ऐट कार्यकर्त्यांत दिसते. ती चुकीची आहे आणि सोयीचीही आहे, कारण तिच्यामुळे विमानाच्या भाड्याविषयी काही अभ्यास करावा लागत नाही. वेळ वाचवण्याची गरज गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक असते. त्याचा बुडलेला प्रत्येक दिवस ही बुडलेली मजुरी असते. विमानाला विरोध हे समाजवादाचे कलम कधीच नव्हते. विमान कोणासाठी आणि कोणत्या भावाने, हे आहे. जी चळवळ धान्याच्या, कापडाच्या आणि औषधाच्या भावावर बोलते तिने अंतराच्या भावावरही बोललेच पाहिजे.

मागणी फार क्रांतिकारक नाही. संकट आले की तात्पुरती मर्यादा, हा खेळ बंद करून किलोमीटरमागे कमाल भाडे कायमचे ठरवावे आणि ते तिकिटावर छापावे. मृत्यू, आजार आणि मुलाखत यांसाठी अखेरच्या दिवशीही काही जागा मूळ भाड्याने राखाव्यात. कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट देऊ नये. इंधनावरील करसवलत भाड्याशी बांधावी. आणि या सर्वांच्या आधी, मुंबई-नागपूर मार्गावरच्या प्रत्येक गाडीला बिनआरक्षित आणि साध्या शयनयानाचे डबे वाढवून द्यावेत, कारण दररोज अंतर कापणारी बहुसंख्य माणसे तेथे उभी आहेत.

१९५३ च्या नागपूर करारामुळे दर वर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. २०२५ चे अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू झाले. बारा हजारांची मर्यादा त्याच्या दोन दिवस आधी लागू झाली होती. मंत्री आणि आमदार त्या आठवड्यात कसे पोहोचले आणि मोर्चेकरी कसे पोहोचले, याची तुलना सभागृहात व्हायला हवी होती. पुढच्या अधिवेशनापूर्वी विदर्भातील जिल्हा शाखांनी एवढे काम हाती घ्यावे: एका ठरलेल्या तारखेचे मुंबई-नागपूरचे भाडे साठ दिवस आधी, तीस दिवस आधी, आठ दिवस आधी आणि आदल्या दिवशी किती होते ते प्रत्येक कंपनीसाठी टिपून ठेवावे, आणि तो तक्ता तारांकित प्रश्नासोबत सभागृहाच्या पटलावर येईल असे पाहावे. करसवलत घेणाऱ्यांना काय अट घातली होती, याचे उत्तर अर्थमंत्र्यांना तेथे लेखी द्यावे लागेल.